साठचा खर्ज

डलूथमध्ये त्या आठवड्यात सरोवर काठापर्यंत गोठलं होतं.
लोखंडाची माती वाहणारी जहाजं धक्क्याला जखडलेली.
मी ॲम्प्लिफायर पोटाशी धरून
आउने राउतिओच्या तळघराचा जिना उतरलो.
"गुरगुरतो," म्हणालो.
"शनिवारी खलाशांच्या हॉलमध्ये वाजवायचंय,
आणि दोन सुरांच्या मध्ये हा गप्पच बसत नाही."

तिने आधी आवाज ऐकलाच नाही.
प्लग हातात घेतला.
तीन पायांतला गोल पाय मी पकडीने छाटला होता,
कुणीतरी म्हणालं होतं, गुरगुर कमी होते.
झालीही होती, थोडी.
तिच्या तोंडात शिवी आली, ती तिने गिळली;
फिनिश असावी, गिळायला वेळ लागला.
"अर्थ छाटून शांतता मिळत नसते, पोरा."
मग भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी केली:
घामाने निथळणारा एक मुलगा, माइकच्या अगदी जवळ.
"धाकटा दीर. ओठ लागले माइकला.
गिटार हातातच होती."
नवी वायर बसेपर्यंत ती काही बोलली नाही.
मीही नाही.

मग बटण दाबलं. आला तो.
बी आणि बी-फ्लॅटच्या फटीत बसलेला,
कुठल्याच पट्टीत न मावणारा,
सेकंदाला साठदा तेच ते सांगणारा
खर्ज.
"भिंतीतल्या विजेचा आहे. गावभर हाच घुमतो.
तुझी गिटार नुसता कानोसा घेते."

फ्रीज बंद केला. ट्यूबलाइट घालवली.
जिन्यातला मिणमिणता दिवा पूर्ण मोठा केला
तशी वरची करकर, घोंगावत्या माश्यांसारखी, एकदम बसली.
पेडल एकेक करून सोडवली.
चौथ्याला आवाज निम्म्यावर:
पाचही जणं एकाच अडॅप्टरच्या ताटात जेवत होती.
"उष्टं खातात," ती म्हणाली, "आणि एकमेकांना खोकला देतात."

"आता गळ्यात घाल आणि गोल फिर."
फिरलो. होकायंत्राच्या काट्यासारखा, पाऊल पाऊल.
बॉयलरकडे तोंड: घूं.
कपड्यांच्या मशीनकडे: घूंऽऽऽ.
सरोवराच्या अंगाला जवळजवळ काहीच नाही.
"शनिवारी असा उभा राहा."
"पण असं उभं राहिलं तर लोकांकडे पाठ होईल."
"मग ठरव."

पिकअपखालची पोकळी तिने तांब्याच्या पत्र्याने मढवली,
नखाने कडा दाबत,
जशी एखादी बाई डब्याला कागद लावते.
डाग देताना राळेचा वास आला, क्षणभर जंगल.
मी तारांवर बोटं ठेवली की उरलंसुरलं थांबायचं,
उचलली की पुन्हा.
"म्हणजे मीच?" मी विचारलं.
"तूही. उंच ओलसर प्राणी आहेस,
हवेतलं सगळं गोळा करतोस.
तारांना हात लागला की खाली सोडून देतोस."

शेवटी तिने जाळी काढून
स्पीकरच्या कागदावर तळहात टेकवला.
डोळे मिटले.
"राहिलाय का अजून?"
मला वाटलं ती माझी परीक्षा घेतेय.
"तुम्हाला ऐकू येत नाही?"
"येतो ना. पण डाव्या कानात माझा एक आहे,
खनिज दळायच्या गिरणीतून आणलेला, अकरा वर्षं झाली.
त्याला कुठे वायर जोडायची?
म्हणून हाताला विचारते."

अगदी बारीक राहिला होता.
मी "नाही" म्हणालो.
तळहात तसाच होता तिचा, कागदावर.
"आहे," ती म्हणाली. "पण तेवढा असू दे."

चाळीस डॉलर. वायरीचे घेतले नाहीत.
मी जिन्यात पोचलो तेव्हा मागून हाक आली:
"फ्रीज लावून जा, आत मासा आहे."
लावला.
घर पुन्हा गुणगुणायला लागलं.
तिने मान डावीकडे किंचित कलती केली
आणि कुणाचा आवाज कुठला
हे बहुधा त्या अंधारात
एकटीच मोजत बसली.